दोन टिंबं

मौलाभाईंनी पाइपच्या पोटात तार घातली, दोनदा फिरवली आणि हळूच बाहेर ओढली. तारेच्या टोकाला गुंडाळलेल्या कापसावर काकवीसारखा घट्ट, काळा, चकाकणारा थर आला होता. त्यांनी तो वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पुसला, नवा कापूस गुंडाळला आणि तार पुन्हा आत घातली. तुंबलेली मोरी, शिळी थुंकी आणि जळकं चामडं यांचा मिळून एक वास त्या लहानशा खोलीत पसरला. भिंतीला टांगलेल्या अर्धवट तंबोऱ्यांनाही तो लागेल असं मला वाटलं.

"किती वर्षांचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"ओढणारा माणूस जाऊन नऊ वर्षं झाली."

"माणूस गेला, थुंकी राहिली," ते म्हणाले आणि तिसरा कापूस गुंडाळू लागले.

मला राग आला. तो पाइप आबासाहेब रिसबुडांचा होता.

ही १९९८ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात वृत्तसंपादक होते. आबासाहेब त्या दैनिकाचे संस्थापक-संपादक. तेविसाव्या वर्षी मला मुद्रितशोधक म्हणून घेतलं ते त्यांनीच, आणि सहा महिन्यांत उपसंपादकाच्या टेबलावर बसवलं तेही त्यांनीच. जिल्ह्यात त्या कामावर तेव्हा दुसरी बाई नव्हती. मला जे काही लिहिता येतं, ते त्या टेबलावर मिळालेलं आहे. त्यांचा पाइप सगळ्या जिल्ह्याला माहीत होता. बाकदार सुकवलेल्या भोपळ्याचा, वर पांढऱ्या हलक्या दगडाची वाटी, तोंडात धरायला काळी नळी आणि भोपळ्याच्या तोंडाशी नक्षीचं पांढरं कडं. लंडनला एका म्हाताऱ्या पत्रकारानं तो त्यांना भेट दिला होता. ती हकीकत ते दर गणेशोत्सवाच्या व्याख्यानात सांगत.

ते गेल्यावर घरच्यांनी सामान काढलं त्यात पाइपही गेला. १९९८च्या जानेवारीत मी कामासाठी पुण्याला गेले होते, रविवार होता म्हणून जुन्या बाजारात डोकावले. पितळी इस्त्री आणि कुलपांच्या ढिगामध्ये तो पडला होता. नळीवर डाव्या बाजूला खोल खाच होती. आबासाहेबांचा डावा सुळा अर्धा तुटलेला होता, त्यामुळे खाचेचा आकार मला पाठ होता. विकणारा म्हणाला, "साहेबी चिलीम आहे ताई, भिंतीला छान दिसते." मी घासाघीस न करता घेतला. तो माणूस हिरमुसला. आणखी पैसे सांगायला हवे होते, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

दैनिकाचा सुवर्णमहोत्सव नऊ दिवसांवर आला होता. आबासाहेबांचं टेबल, चष्मा, टाक असं सगळं प्रदर्शनात मांडायचं होतं आणि फक्त पाइप नव्हता. आता तो होता. विशेषांकाचा पहिला लेख माझा, आणि त्याची सुरुवात मी पाइपपासूनच करणार होते. आबासाहेबांचे चिरंजीव श्रीनिवासराव तेव्हा संपादक होते. पाइप मिळाल्याचं ऐकून त्यांनी मला मिठाईचा पुडा पाठवला.

पण भोपळ्याला तोंडापासून खालपर्यंत चीर गेली होती आणि दगडाची वाटी आतल्या काजळीनं चिकटून बसली होती. भोपळा जोडणारी माणसं कुठे असतात हे सांगलीत कुणाला विचारावं लागत नाही. मी मिरजेला सतार करणाऱ्यांच्या गल्लीत गेले. पहिल्या दुकानात हात लावला नाही. ज्या हातांनी तंबोरा लावायचा त्या हातांनी तंबाखूची घाण काढायची नाही, असं त्या गृहस्थांनी नम्रपणे सांगितलं. "मौलाकडे जा, तो काहीही जोडतो."

मौलाभाई चाळिशीचे होते. हडकुळे, कानाला पेन्सिल. त्यांनी पाइप हातात घेतला, भोपळ्यावर नख वाजवलं आणि म्हणाले, "परदेशी आहे. वेलीवर असताना वाकवलाय. आमचे लोक सरळ वाढवतात." मी कुणाचा, कशासाठी ते सांगितलं. दैनिकाचं नाव ऐकल्यावर त्यांनी पाइप खाली ठेवला. मग म्हणाले, "उद्या सकाळी या. तुमच्यासमोर करतो. तुमच्यामागे नाही करणार." मला ती एक कारागिराची लहर वाटली.

तर ती सकाळ. वाटी सुटली तेव्हा तिच्या बुडातून एक वाळका, काळा लोळा पडला. मौलाभाईंनी तो चिमट्यानं उलगडला. मेलेलं झुरळ होतं, डिंकात बुडवल्यासारखं. मी मान फिरवली. मला आठवत होता तो वास वेगळा होता. संध्याकाळी पाचला आबासाहेब पाइप पेटवत आणि खोलीत भाजक्या गुळासारखा वास येई. मी त्या वासासाठी उगाच त्यांच्या टेबलापाशी रेंगाळत असे. तो वास आणि हा लोळा एकाच भोपळ्यातले होते, हे मला मान्य करायचं नव्हतं.

"चीर कड्याखालून सुरू होते," मौलाभाई म्हणाले. "कडं काढायला लागेल."

"तुटणार नाही ना?"

"हस्तिदंत आहे. जपून काढतो."

"सेल्युलॉइड असेल," मी म्हणाले. का म्हणाले, ठाऊक नाही.

त्यांनी सुई दिव्यावर लाल केली आणि कड्याला आतल्या बाजूनं टेकवली. सेल्युलॉइड असतं तर कापराचा वास सुटला असता. सुटला तो नख जळल्याचा. त्यांनी सुई बाजूला ठेवली, एक पातळ पट्टी गरम केली आणि कडं आणि भोपळा यांच्या फटीत केसाकेसानं सरकवू लागले. अर्धा तास गेला. मग कडं त्यांच्या तळहातावर आलं. बांगडीपेक्षा थोडं लहान, बाहेरून वेल आणि पोपट कोरलेले. त्यांनी ते उजेडाकडे धरून आतली बाजू पाहिली. आणि मग ते उठले, दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मी विचारलं काय झालं. त्यांनी परत येऊन भिंग माझ्या हातात दिलं.

"आत काय दिसतं ते सांगा. वाचायची सवय आहे तुम्हाला."

मी पाहिलं. पिवळ्या गोंदाचे पापुद्रे होते. त्याखाली लालसर थर, चरे पडलेला. आणि त्या लाल थराखाली, हस्तिदंतात टोचलेले दोन बारीक खड्डे, शेजारी शेजारी.

"दोन टिंबं आहेत," मी म्हणाले.

"अब्बांना लिहिता येत नव्हतं. वाद्य दुरुस्तीला आलं की सुटा केलेला प्रत्येक भाग टिंबानं लक्षात ठेवायचे. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. बीन होती ती, रुद्रवीणा. दांडीच्या दोन टोकांना दोन कडी. एक टिंबाचं कडं अजून बीनेवर आहे, संग्रहालयात. दोन टिंबांचं हे."

"तुमच्या वडिलांचं नाव?"

"चाँदसाहेब," ते म्हणाले. "तुम्ही छापलं होतं की."

मला नाव आठवलं. माणूस कधी पाहिला नव्हता.

१९७४च्या जुलैमधली ती बातमी. जवळच्या एका जुन्या संस्थानाच्या संग्रहालयातली रुद्रवीणा दुरुस्तीसाठी मिरजेला दिली होती. आबासाहेब त्या संग्रहालयाचे विश्वस्त. वीणा दुरुस्त होऊन आली ती आधी त्यांच्या बंगल्यावर, दोन आठवडे तिथं दिवाणखान्यात राहिली आणि मग संग्रहालयात गेली. तिथल्या कारकुनानं पाहिलं तर एक कडं नाही. चाँदसाहेब म्हणत राहिले की दोन्ही बसवून दिली होती. पोच कुठे आहे म्हटल्यावर त्यांच्याजवळ नव्हती. आबासाहेबांसारख्या माणसाकडे पोच मागायची असते, हे त्यांना सुचलं नव्हतं.

"विकलं असेल तुमच्या वडिलांनी," असं मी म्हणाले नाही, पण मनात आलं, आणि मौलाभाईंना ते दिसलं.

"लोक म्हणतील चाँदसाहेबानं विकलं आणि संपादकानं घेतलं," ते म्हणाले. "म्हणून टिंबांवर काय आहे ते बघा. लाख. कडं चिकटवायची, अब्बांची, सिंदूर घातलेली. टिंबं आधी, लाख नंतर. म्हणजे दुरुस्तीनंतर कडं बीनेवर बसलं होतं. आणि लाखेवर हे चरे. सुरीचे. आमचा माणूस सुरीनं कडं काढत नाही, ऊब देऊन काढतो. हे कुणीतरी बंगल्यात बसून उचकटलंय."

मी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. त्याची गरज नव्हती. मला दुसरंच दिसत होतं. जुलैची दुपार, आबासाहेबांची खोली. ते ही बातमी मला सांगत होते आणि मी उतरून घेत होते. वाक्य संपलं की थांबायचे, पाइपचा एक झुरका, मग पुढचं वाक्य. त्या आठवड्यात पाइपवर नवं पांढरं कडं आलं होतं. छान दिसतंय, असं मी त्यांना म्हटलं होतं. ते म्हणाले होते, "मुंबईला बसवून आणलं. आधीचं फुटलं." आणि मग सांगू लागले, "मिरजेचे कारागीर चाँदसाहेब यांच्याकडे दुरुस्तीस दिलेल्या रुद्रवीणेचे." चोरीची बातमी सांगताना चोरीचा माल त्यांच्या ओठांपासून वीतभर अंतरावर होता. एकही शब्द अडखळला नाही.

मी पदर तोंडाला लावला. मौलाभाईंनी माठातलं पाणी दिलं. गल्लीत कुणीतरी तार जुळवत होतं, तोच तो सूर पुन्हा पुन्हा.

त्यानंतर ते थोडंसं बोलले. संग्रहालयांची, संस्थानिकांची, मोठ्या गवयांची कामं बंद झाली. चाँदसाहेब भजनी मंडळांच्या एकताऱ्या करू लागले, मग त्याही सुटल्या. बातमीतलं बाकी सगळं लोक विसरले, मथळ्यातला शेवटचा शब्द राहिला. गल्लीतली पोरं चाँदसाहेब आले की 'लंपास आला' म्हणायची. शाळेत मौलाभाईंना त्याच नावानं हाक मारत. पी.टी.चे मास्तरसुद्धा. एक्क्याऐंशी साली चाँदसाहेबांच्या मयताला खांदा द्यायला आलेल्यांपैकी एकानं चौकशी केली, कुणाचा, त्या लंपासवाल्याचा का. हे सगळं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. बोलताना हातानं कापसाचे काळे बोळे गोळा करून कागदात बांधत होते.

मग त्यांनी भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला सरसानं चिकटवलेलं कात्रण होतं, पिवळं पडलेलं. तीन कॉलमी मथळा.

रुद्रवीणेचे हस्तिदंती कडे लंपास

"अब्बांनी लावून ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण यातला 'लंपास' कुठला ते शिकून घेतलं होतं," मौलाभाई म्हणाले. "तो शब्द कुणी लिहिला?"

"बातमी आबासाहेबांनी सांगितली होती."

"बातमी नाही विचारली. शब्द विचारला."

इथं मला थांबून त्या शब्दाचं सांगायला हवं. आबासाहेबांनी मथळ्यात 'गहाळ' म्हटलं होतं. ते शब्दांचे पक्के होते. 'गहाळ'मध्ये कुणावर काही येत नाही, वस्तू सापडत नाही एवढंच. मी पान लावायला घेतलं तेव्हा त्याच पानावर 'तहसील कचेरीतील फाइल गहाळ' असा मथळा आधीच होता. एका पानावरच्या दोन मथळ्यांत एकच शब्द येऊ द्यायचा नाही, हा नियम आबासाहेबांचा, आणि तो मी कधी मोडला नव्हता. अक्षरंही तेवढीच, तीन. मी 'गहाळ' खोडून 'लंपास' केलं. वाचायला चटपटीतही वाटलं. मुद्रित घेऊन आबासाहेबांकडे गेले. त्यांनी मथळा पाहिला, पाइप दातात धरला, आणि एकच शब्द म्हणाले. "चालेल."

त्या दिवशी घरी जाताना मला आनंद झाला होता, हे आठवतं.

"मी लिहिला," मी मौलाभाईंना सांगितलं.

त्यांनी मान हलवली. जणू एखाद्या वाद्यातला दोष सापडला आणि तो कुठे आहे ते कळलं. मग कडं कागदात गुंडाळून माझ्यापुढे ठेवलं.

"हे घेऊन जा. माझ्याकडे सापडलं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. आणि तो शब्द परत घ्या. छापून. मला दुसरं काही नको."

भोपळ्याची चीर त्यांनी त्या दिवशी जोडली. मी नको म्हटलं होतं. ते म्हणाले, हातात घेतलेलं काम अर्धं टाकत नाही. कड्याच्या जागी साधं लाकडी कडं बसवलं. काम इतकं सफाईदार होतं की चीर बोटाला लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी श्रीनिवासरावांपुढे पाइप, कडं आणि भिंग ठेवलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वडिलांनी चांगल्या भावनेनं घेतलं असेल हो. विकतही घेतलं असेल. मेलेल्या माणसाला विचारणार कसं?"

मी म्हणाले, मेलेली माणसं दोन आहेत.

"सोहळा होऊ द्या, मग बघू. लेखात पाइपचं मात्र राहू द्या शरयूताई, लंडनचं. लोकांना आवडतं ते." त्यांनी बोलता बोलता पाइप उचलला, न्याहाळला आणि दातात धरला. डावीकडे, बरोबर त्या खाचेत. कपाटाच्या काचेत पाहून हनुवटी थोडी वर केली. "दिसतो ना बाबांसारखा?"

ती नळी धुतलेली होती हे मला माहीत होतं. तरी मला तारेवरचा कापूस दिसला, झुरळ दिसलं आणि त्यामागून 'चालेल' ऐकू आलं. तो चेहरा खरंच आबासाहेबांसारखा दिसत होता. मी कडं उचललं आणि बाहेर पडले.

बातमी जागेअभावी कापायची झाली तर खालून कापतात. प्रत्येक उपसंपादकाला हे ठाऊक असतं, म्हणून महत्त्वाचं वर लिहितात. मी ठरवलं की कापताच येणार नाही अशी बातमी लिहायची. अख्खी बातमी एक वाक्य. कुठेही तोडलं तरी अर्थ उरणार नाही.

"या दैनिकाच्या १२ जुलै १९७४च्या अंकात, मिरजेचे कारागीर चाँदसाहेब यांच्याकडून लंपास झाल्याचे सुचवलेले रुद्रवीणेचे हस्तिदंती कडे त्यांनी वीणेवर परत बसवून दिले होते व ते संस्थापक-संपादक आबासाहेब रिसबूड यांच्या पाइपवर आढळले असून, मथळ्यातील 'लंपास' हा चुकीचा शब्द प्रस्तुत वृत्तसंपादिकेने उपसंपादक असताना घातला होता."

सोहळ्याच्या आदल्या दिवशी डाक आवृत्तीचं पान पाचला छापायला सुटायचं होतं. चौथ्या पानावर एका जाहिरातीची जागा शेवटच्या क्षणी मोकळी झाली. मी वाक्य तिथं बसवलं आणि पान सोडलं. सव्वापाचला डाक आवृत्तीच्या पहिल्या प्रती आल्या. मी दोन काढून पिशवीत ठेवल्या. साडेपाचला श्रीनिवासरावांनी पान पाहिलं.

माझं वाक्य कुणी कापलं नाही. शहर आवृत्तीतून ते सबंध काढलं आणि त्या जागी बियाण्यांच्या कंपनीची जाहिरात आली. वाक्य सबंधही काढता येतं, हे चोवीस वर्षं दैनिकात काढून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. डाक आवृत्ती खेड्यांत जायची. मिरजेला शहर आवृत्ती.

कडं मी पोच घेऊन संग्रहालयात जमा केलं. विश्वस्तांनी ते पुन्हा वीणेवर चढवलं आणि खाली पाटी लावली. 'सौजन्य : रिसबूड कुटुंबीय.' ती पाटी आजही आहे. पाइप सोहळ्यात काचेखाली ठेवला होता असं ऐकलं. मी गेले नव्हते. मला कामावर येऊ नका असं सांगण्यात आलं होतं, आणि मीही राजीनामा लिहून ठेवलाच होता.

सोहळा चालू होता त्या सकाळी मी मिरजेला मौलाभाईंकडे होते. पिशवीतली प्रत त्यांना दिली. त्यांनी चौथं पान उघडलं, ते वाक्य बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं.

"गल्लीत हा अंक आला नाही," ते म्हणाले.

"नाही."

"गल्लीतल्या अंकात इथं बियाणं आहे."

"हो."

त्यांनी पातळ पात्यानं वाक्य चारी बाजूंनी कापून घेतलं. एवढंसं झालं, दोन बोटं रुंद. कपाटाचं दार उघडून ते जुन्या कात्रणावर धरून पाहिलं. बातमी झाकायला ते पुरत नव्हतं, मथळा झाकायलाही नाही. मग त्यांनी ते सरकवत सरकवत मथळ्याच्या शेवटाशी नेलं. सरस लावला, वरची कड अक्षरांच्या वरच्या रेघेला बरोबर जुळवली आणि अंगठ्यानं दाबून धरलं. कारागिराचा हात होता, रेघ तसूभर हलली नाही.

'लंपास' झाकलं गेलं. रेघेच्या वर फक्त 'लं'वरचं अनुस्वाराचं टिंब राहिलं, काळं, ठसठशीत.

मी म्हणाले, थोडं वर घेतलं असतं तर तेही गेलं असतं.

मौलाभाईंनी सरसाची बोटं फडक्याला पुसली.

"राहू दे बाई," ते म्हणाले. "अब्बा टिंबावरनंच ओळखायचे, कुठला भाग कुठला. हे तुमचं."